पाण्याचा दशांश : धार-देवासच्या नगरनिर्णयांची उजळणी



आपण आज मोहनखेड्याला जमलो आहोत. हे जैन समाजाचे मोठे तीर्थ. सात भागांचा ‘अभिधान राजेंद्र कोश’ रचणारे आचार्य राजेंद्रसूरी यांची समाधी इथे आहे, त्यामुळे साहित्यसेवा करणाऱ्या कोणत्याही संस्थेला ही जागा परकी वाटू नये. आजचा माझा विषय मात्र साहित्याचा नाही. आपल्या शहरांनी पाण्याबद्दल, घरांबद्दल आणि बदलत्या हवामानाबद्दल वेळोवेळी काय ठरवले आणि त्याची फळे कोणाच्या पदरात पडली, हे मला मांडायचे आहे. नगरपालिकेचा ठराव हा काही रसिकांनी ऐकावा असा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या ठरावामुळे आज आपल्या नळाला चार दिवसांआड पाणी येत असेल, तर तो ठरावही आपल्या इतिहासाचा भाग आहे. तो आपण वाचला पाहिजे.

माथ्यावरची गावे

याच सरदारपूर तहसिलीत मिंडा नावाचे गाव आहे. तिथे माही नदी उगम पावते आणि राजस्थान, गुजरात ओलांडून खंभातच्या आखाताला मिळते. धार जिल्ह्याच्या उत्तर भागातले पाणी चंबळेकडे जाते, तिथून यमुना आणि गंगेवाटे पूर्वेच्या समुद्राला. दक्षिणेचा उतार नर्मदेचा. देवासचेही तसेच आहे. क्षिप्रा आणि काळीसिंध उत्तरेला चंबळेकडे वाहतात, तर कन्नोद-खातेगावचे पाणी दक्षिणेला नर्मदेत उतरते. म्हणजे आपण ज्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहतो तो घराच्या आढ्यासारखा आहे. इथे पडलेला पाऊस दोन्ही बाजूंनी ओघळून दुसऱ्यांच्या अंगणात जातो. दुसऱ्या कोणाचे पाणी मात्र वाहत आपल्याकडे येत नाही.

खालचा खडकही फारसा साथ देत नाही. माळव्याची काळी माती आणि तिच्याखालचा बेसॉल्ट हे दख्खनच्या पठाराचेच पसरलेले अंग आहे. या काळ्या पाषाणात पाणी साठते ते झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. गंगेच्या मैदानातल्यासारखे वाळूचे खोल थर इथे नाहीत. वर्षाकाठी आठशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो कमी नाही, पण तीन-साडेतीन महिन्यांत पडून मोकळा होतो. त्यामुळे माळव्यात गाव वसवायचे तर पहिला प्रश्न एकच असे : पाणी कुठे अडवायचे आणि त्यासाठी किती जमीन सोडायची?

धारने या प्रश्नाला दिलेले उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. साडेबारा तलावांचे गाव अशी धारची ख्याती आहे. मुंज तलाव परमार राजा वाक्पती मुंजाच्या नावाने ओळखला जातो, म्हणजे त्याची आठवण दहाव्या शतकापर्यंत मागे जाते. कालिकादेवीच्या पायथ्याचा देवीसागर आजही गावाची शान आहे. मुंजाचा पुतण्या भोज याने राजधानी उज्जैनहून धारला आणली. त्याच्या नावावर असलेल्या ‘समरांगण सूत्रधार’ या ग्रंथात नगर कसे वसवावे आणि घर कसे बांधावे, याचा सविस्तर विचार आहे. नगररचना ही विद्या आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली, असा समज असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

धारजवळचे मांडू पाहा. तीन बाजूंनी तुटलेल्या कड्यांच्या या डोंगरी किल्ल्यावर नदी नाही आणि येणारही नाही. छतावर आणि जमिनीवर पडेल तेवढेच पाणी. पंधराव्या शतकातल्या खिलजी सुलतानांच्या कारागिरांनी जहाज महाल मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध उभा केला. छतावरचे पाणी वळणावळणाच्या दगडी पन्हळींतून फिरवत हौदात आणले. पन्हळीला वळणे दिली की पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ वाटेतच बसतो. ही पन्हळ ध्यानात ठेवा. पाचशे वर्षांनी तिचीच एक बहीण आपल्याला देवासला भेटणार आहे.

एका रस्त्याच्या दोन बाजू

अठराव्या शतकात पवार माळव्यात आले. धारला एक शाखा नांदली. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा भावांनी १७२८च्या सुमारास देवासची गादी स्थापन केली. पुढे १८४१पासून थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन स्वतंत्र कारभार सुरू झाले. गावोगावच्या जमिनी एकमेकींत गुंतलेल्या होत्या आणि खुद्द देवास शहरात हद्द मुख्य रस्त्याच्या मधून जात होती. रस्त्याच्या एका बाजूच्या पाण्याची आणि दिव्यांची व्यवस्था एका दरबाराकडे, तर दुसऱ्या बाजूची दुसऱ्याकडे, असा प्रकार होता. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव म्हणून इथे राहिला. पुढे १९५३मध्ये त्याने ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकातून देवासची टेकडी जगाला दाखवली. बाहेरच्यांना या दुहेरी कारभाराची गंमत वाटे. आपल्या आजोबा-पणजोबांना त्यात गंमत वाटण्याचे कारण नव्हते, कारण ते त्याच रस्त्यावर राहत होते.

या जुन्या व्यवस्थेची थट्टा करणे सोपे आहे, पण तिच्यातला एक गुण नोंदवला पाहिजे. पाणी कोणी द्यायचे हे प्रत्येक घराला ठाऊक होते. पाणी आले नाही तर कोणत्या वाड्याच्या पायऱ्या चढायच्या, हेही ठाऊक होते. दोष इतकाच की पाऊस, ओढा आणि विहिरीचा झरा रस्त्याच्या मधली रेघ पाळत नाहीत. ही रेघ पुढे १९४८मध्ये संस्थाने मध्यभारतात विलीन झाल्यावर पुसली गेली. ती खरोखर पुसली गेली का, हा प्रश्न मी थोड्या वेळाने पुन्हा विचारणार आहे.

त्याच काळात शेजारच्या इंदूरला एक वेगळा प्रयोग घडला. प्लेगने हैराण झालेल्या शहराच्या नियोजनासाठी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाला बोलावले. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी शहरसुधारणा म्हणजे दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढणे आणि मध्ये येतील ती घरे पाडणे. गेडिसने याला विरोध केला. आधी गल्लीगल्लीत फिरून पाहावे, अगदी मोडकळीला आलेले तेवढेच काढावे आणि जुनी घरे, झाडे, मोकळे चौक राखावेत, असे त्याचे मत होते. नदी म्हणजे सांडपाण्याचा नाला, ही समजूत त्याला मान्य नव्हती.

त्याने दिवाळीत केलेली करामत तर आपल्या मुलांना गोष्ट म्हणून सांगावी अशी आहे. त्याने एका दिवसापुरते राजेपण मागून घेतले आणि जाहीर केले की मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता ज्या भागातली घरे लोकांनी सर्वाधिक स्वच्छ केली असतील त्या भागातून जाईल. लोकांनी घरे झाडली, रंगवली, कचरा गाड्या भरून बाहेर काढला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि शेवटी त्यांचे दहन झाले. मिरवणुकीत सफाई कामगार पांढऱ्या पोशाखात, गळ्यात हार घालून मानाने चालले. आजचे इंदूर स्वच्छतेसाठी गाजते. तिथल्या लोकांचा सहभाग काल-परवा उगवलेला नाही, हे या प्रसंगावरून दिसते.

रेल्वेने आलेले पाणी

स्वातंत्र्यानंतर देवासची हवा प्रसिद्ध होती. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८मध्ये इथे आले ते कोरड्या, निरोगी हवेसाठी. पुढे ते इथलेच झाले आणि माळव्याची लोकगीते त्यांच्या गळ्यातून साऱ्या महाराष्ट्राने ऐकली. हवेने एका शहराला असा पाहुणा दिल्याचे उदाहरण विरळाच.

त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत देवास कारखान्यांचे गाव झाले. सत्तरीच्या दशकात बँक नोट प्रेस आली आणि पाठोपाठ मोठमोठे उद्योग आले. कामगार आले, त्यांना घरे हवी होती. घरांना जमीन हवी होती आणि गावाजवळची सपाट, सरकारी, मोकळी दिसणारी जमीन म्हणजे तलावाची. उन्हाळ्यात कोरडा पडलेला तलाव कागदावर पडीक जागेसारखाच दिसतो. तो बुजला, प्लॉट पडले, घरे आणि कारखाने उभे राहिले. पिण्याचे पाणी कूपनलिकांतून येऊ लागले, त्यामुळे तलाव गेल्याचे दुःख कोणाला झाले नाही. कूपनलिकेचे पाणी मुळात त्याच तलावाने वर्षानुवर्षे जमिनीत मुरवलेले होते, हे कळायला वेळ लागला.

ते कळले १९९०च्या उन्हाळ्यात. त्या वर्षी एप्रिल महिन्यात इंदूरहून पाण्याने भरलेले टँकर घेऊन रेल्वेगाडी देवासला आली. अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ या १९९३च्या हिंदी पुस्तकात हा प्रसंग नोंदवला आहे. मंत्र्यांच्या उपस्थितीत ढोल वाजवून या गाडीचे स्वागत झाले. स्टेशनात आलेले पाणी पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवले आणि मग गावात वाटले. पन्नास वर्षांपूर्वी जे पाणी गावातल्या तलावात फुकट थांबत होते, ते आता रेल्वेचे भाडे आणि पंपाची वीज भरून शहरात येत होते. त्या दिवशीचे ढोल कशासाठी वाजले, हा प्रश्न मिश्रांनी उपहास न करता आपल्यापुढे ठेवला आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या टंचाईचा दोष पावसावर टाकण्याची सवय आपल्याला आहे. पाऊस कमी-जास्त होतच आला. संवत १९५६ म्हणजे १८९९-१९०० सालच्या छपन्नाच्या दुष्काळाची आठवण माळव्यातल्या जुन्या घरांतून अजून काढली जाते. परंतु देवासला १९९०मध्ये आलेली पाळी एकट्या पावसाची नव्हती. एकेका अभिन्यासाला, म्हणजे आपण ज्याला लेआउट म्हणतो त्याला, मिळालेल्या मंजुरीने ती हळूहळू जवळ आणली. त्या प्रत्येक मंजुरीच्या वेळी कोणाला घर मिळत होते, म्हणून त्यात कोणाला वाईट दिसले नाही.

दूरचे पाणी, जवळचे बिल

टंचाईवर शहरांनी काढलेला पुढचा उपाय म्हणजे नर्मदा. इंदूरकरांनी १९७०मध्ये नर्मदेसाठी मोठे आंदोलन केले आणि १९७८मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पाणी शहरात आले. सुमारे ७० किलोमीटरचे अंतर आणि विंध्याचा अख्खा घाट चढून ते येते. देवासच्या उद्योगांसाठी नेमावरहून सव्वाशे किलोमीटरहून लांब नळ टाकला गेला. क्षिप्रेत नर्मदेचे पाणी सोडणारी जोडयोजना २०१४च्या फेब्रुवारीत सुरू झाली. म्हणजे आज देवासला क्षिप्रेचे म्हणून जे पाणी मिळते, त्यात नर्मदेचा वाटा आहे.

नर्मदेने माळव्याला तारले, हे मान्य करण्यात कोणतीही कुचराई नको. पण आढ्यावर बसून अंगणातल्या विहिरीचे पाणी रोज दोरीने ओढायचे, तर दोरी तुटण्याची आणि हात दुखण्याची तयारी हवी. या पाण्याचे खरे मोल विजेच्या बिलात दिसते. इंदूर नगर निगमने फेब्रुवारी २०२३मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले ते याच कारणाने. जलूदला ६० मेगावॉटचा सौर ऊर्जा प्रकल्प उभारून नर्मदेचे पाणी वर चढवण्याची वीज स्वतः तयार करायची, असा तो निर्णय. सामान्य नागरिकांनाही घेता येतील असे हरित रोखे काढणारी ही देशातली पहिली नगरपालिका. लोकांनी मागितलेल्या रकमेच्या कितीतरी पट पैसे देऊ केले. हवामानबदल या जड शब्दाचा अर्थ एका नगर निगमने आपल्या हिशेबाच्या वहीत शोधला, म्हणून मला हा निर्णय महत्त्वाचा वाटतो.

त्याच्या जोडीला इंदूरने दुसरे एक काम केले, त्याची चर्चा कमी होते. होळकरांच्या काळातला सिरपूर तलाव आणि यशवंत सागर ही दोन्ही जलाशये २०२२मध्ये रामसर यादीत गेली. जानेवारी २०२५मध्ये उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ शहराची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातली ही पहिली दोन शहरे. नर्मदा आली म्हणून जुने तलाव निकामी झाले, असे इंदूरने मानले नाही, निदान या दोन तलावांच्या बाबतीत तरी.

दूरच्या पाण्याला दुसरेही मोल असते आणि ते धार जिल्ह्याने मोजले आहे. सरदार सरोवर सप्टेंबर २०१९मध्ये पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्यात कुक्षी तहसिलीतले निसरपूर हे नांदते बाजारपेठेचे गाव पाण्याखाली गेले. मग ऑगस्ट २०२२मध्ये धर्मपुरी तहसिलीतल्या कारम नदीवरच्या अपुऱ्या बांधलेल्या धरणाला गळती लागली. धार आणि खरगोन जिल्ह्यांतली १८ गावे रिकामी करावी लागली, लष्कर बोलवावे लागले आणि कडेने चर खणून पाणी सोडून द्यावे लागले. जीवितहानी झाली नाही, याचे श्रेय ऐन पावसात, म्हाताऱ्यांना आणि जनावरांना घेऊन उंचावर गेलेल्या गावकऱ्यांनाही दिले पाहिजे. समाज संकटाला कसा तोंड देतो याची परीक्षा अशा वेळी होते. ती परीक्षा आपल्या गावाने दिली तेव्हा शहरातल्या नळाला पाणी होते, हेही विसरता कामा नये.

खेड्यांनी दिलेला दशांश

आता पुन्हा देवासला येऊ. रेल्वेच्या पाण्यानंतर याच जिल्ह्यात दोन गोष्टी घडल्या. दोन्ही लहान आहेत, पण माझ्या मते माळव्याच्या अलीकडच्या इतिहासात त्यांना मोठे स्थान आहे.

पहिली गोष्ट ‘देवास फिल्टर’ची. विसाव्या शतकाच्या अखेरीस जिल्हा प्रशासन आणि इंजिनियरांनी मिळून हे साधन तयार केले. सव्वा मीटरभर लांब आणि १४० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप, त्यात तीन कप्पे. पहिल्यात बारीक खडे, दुसऱ्यात मध्यम, तिसऱ्यात जाड. छतावरचे पावसाचे पाणी या पाइपातून गाळून थेट घराच्या कूपनलिकेत सोडायचे. खर्च त्या वेळी सुमारे ६०० रुपये. मांडूच्या पन्हळीची जी बहीण भेटणार म्हणून मी सांगितले ती हीच. पाण्याचा वेग मोडा, गाळ अडवा आणि पाणी खाली पाठवा, एवढेच दोघींचे काम. पुढे २००६मध्ये राज्य सरकारने १४० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींना छतावरचे पाणी जिरवणे सक्तीचे केले आणि ते करणाऱ्याला त्या वर्षीच्या मालमत्ता करात ६ टक्के सूट देऊ केली.

दुसरी गोष्ट २००६मध्येच सुरू झाली. देवासचे तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या लक्षात आले की टोंक खुर्द भागातले मोठे शेतकरी दर वर्षी आणखी खोल कूपनलिका खणत आहेत आणि कर्जात बुडत आहेत. त्यांनी शेतकऱ्यांपुढे साधे गणित मांडले. आपल्या जमिनीचा दहावा हिस्सा तलावाला द्या. उरलेल्या नऊ हिश्श्यांत दोन पिके निघतील. आज दहा हिश्श्यांत एकच निघते आहे. बँकांकडे शेततळ्यासाठी कर्ज देण्याची तयारी सुरुवातीला नव्हती, म्हणून पहिले तलाव लोकांनी स्वतःच्या पैशाने खणले. त्या तलावांना ‘रेवासागर’ असे नाव पडले आणि खणणाऱ्याला ‘भगीरथ कृषक’. धतुरिया, हरनावदा अशा गावांत तलावांची रांग लागली आणि काही वर्षांत जिल्ह्यात ती हजारोंवर गेली. दुसऱ्या वर्षीच राज्याने बलराम तालाब योजना काढून या कामाला अनुदान दिले.

या प्रयोगात मला दशांश हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे दहावा हिस्सा देवाला किंवा धर्माला काढून ठेवण्याची रीत जुनी आहे. शेतकऱ्याला जमीन सोडणे किती जड जाते, हे शेती असलेल्या घरांना सांगायला नको. तरीही त्याने ती सोडली, कारण दान म्हणून नव्हे तर राहिलेली जमीन जगवण्यासाठी ती सोडायची आहे हे त्याला पटले. ज्या जिल्ह्याच्या शहराने तलावांवर घरे बांधली, त्याच जिल्ह्याच्या खेड्यांनी शेतांत तलाव बांधले.

घर आणि तलाव

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. शहरात जमीन कमी, माणसे जास्त. गरिबाला घर द्यायचे की तलाव राखायचा? मध्यप्रदेशाने १९८४मध्ये कायदा करून शहरातल्या भूमिहीनांना ते राहत असलेल्या ५० चौरस मीटरपर्यंतच्या जागेचे पट्टे दिले. माझ्या मते स्वातंत्र्यानंतर या राज्यात शहरी गरिबांसाठी झालेल्या निर्णयांत तो अत्यंत महत्त्वाचा आहे. उद्या तलाव वाचवण्याच्या नावाखाली नाल्याकाठची झोपडी हटवायची आणि तलावाच्या पोटात मंजुरीने उभी राहिलेली कॉलनी तशीच ठेवायची, असा न्याय होणार असेल तर तो मान्य करता येणार नाही. पाणी तुंबते तेव्हा आधी झोपडीत शिरते आणि पाणी संपते तेव्हा टँकरमागे आधी झोपडीतलीच बाई धावते. देवासला १९९०मध्ये ज्यांच्या घरी स्वतःची विहीर होती त्यांना ती रेल्वेगाडी बातमी होती. ज्यांच्याकडे नव्हती त्यांना ती जीवन होती.

पण घर आणि तलाव यांत भांडण आहे ही समजूतच तपासली पाहिजे. तलाव राखणारे शहर घरे कमी बांधते असे नाही, ते घरे वेगळ्या जागी बांधते. कोणती जागा कशाला, हे ठरवण्याचे काम विकास योजनेचे. राज्याच्या १९७३च्या नगर तथा ग्राम निवेश कायद्यानुसार ही योजना राज्याचे खाते तयार करते. पाणीपुरवठा नगर निगमकडे किंवा नगरपालिकेकडे. बरेच तलाव महसूल खात्याच्या नावावर किंवा जलसंसाधन विभागाकडे. कॉलनीला परवानगी देणारा अधिकारी आणखी वेगळा. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने १९९३पासून नगर नियोजन, जमिनीचा वापर, पाणी, झोपडपट्टी सुधारणा आणि पर्यावरण हे सारे विषय नगरपालिकांच्या यादीत एकत्र घातले. यादीत ते एकत्र आले, टेबलावर मात्र आजही वेगवेगळे आहेत.

म्हणून मी मघाशी विचारले की देवासच्या रस्त्यामधली रेघ खरोखर पुसली गेली का. पूर्वी एका दरबाराचे पाणी रस्त्याच्या या बाजूला होते आणि दुसऱ्याचे त्या बाजूला. आज एका खात्याचा तलाव, दुसऱ्याचा नकाशा, तिसऱ्याचा नळ. फरक इतकाच की त्या काळी कोणाच्या पायऱ्या चढायच्या हे ठाऊक होते, आज ते शोधावे लागते.

आपले काम

आपण मराठी कुटुंबे दोन-अडीचशे वर्षांपासून इथे आहोत. संस्थानांच्या दप्तरांत आपल्या पूर्वजांचे अक्षर आहे. त्यांनी जमीनमहसुलाचे कागद लिहिले, शाळा चालवल्या, न्याय दिला, गाणे जोपासले. आता राज्यकारभार आपल्या हाती नाही आणि तसा असावा अशी इच्छाही नाही. पण जुन्या रहिवाशाकडे एक गोष्ट असते जी नव्या अधिकाऱ्याकडे नसते. कुठे ओढा होता, कोणत्या कॉलनीच्या जागी पूर्वी पाणी साठे, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यातही झरा असे, हे त्याला ठाऊक असते. हे ज्ञान घरात राहून उपयोगाचे नाही.

विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती आणि सूचना देण्यासाठी तीस दिवसांची मुदत कायद्याने दिलेली आहे. त्या तीस दिवसांत आपल्यापैकी किती जण नकाशा पाहायला जातात? तुमच्या भागातल्या पार्षदाला गणपतीच्या वर्गणीसाठी भेटता, तसे एकदा तलावाच्या हद्दीच्या नोंदीसाठी भेटा. धारच्या साडेबारा तलावांची आज काय अवस्था आहे, प्रत्येकाची जुनी आणि आजची हद्द कोणती, येणारे नाले कुठे अडले आहेत, याची नोंद करणे हे काम कोणतीही साहित्यसंस्था सहज करू शकते. जुने नकाशे आणि मोडी कागद वाचणारी माणसे आपल्याकडेच आहेत. मोडी वाचता येणाऱ्याने एखादा तलाव वाचवला, तर त्या लिपीचे याहून चांगले चीज कोणते?

आणखी एक गोष्ट घरातली आहे. आपले जुने वाडे वाटणीत निघत आहेत. मधला चौक, चौकातला आड किंवा हौद आणि कौलावरून चौकात उतरणारे पाणी ही त्या वाड्यांची रचना होती. वाडा उतरवून तिथे तीन मजली इमारत उभी राहते तेव्हा सगळ्यांत आधी आड बुजवला जातो, कारण तो कोणाच्याच हिश्श्याला येत नाही. चार भावांत वाटणी होताना आड पाचव्या भावाचा मानावा. त्याच्यावर झाकण घाला, छताचे पाणी गाळून त्याच्यात सोडा, पण तो बुजवू नका. त्याला कायदाही मदत करतो आणि करात सूटही देतो. एका वाड्याने शहराची तहान भागणार नाही, हे खरे. पण टोंक खुर्दच्या पहिल्या शेतकऱ्याने पहिला तलाव खणला तेव्हा त्यालाही कोणीतरी हेच सांगितले असेल.

पाणी येते कुठून, हे आपल्या शहरांनी गेल्या पन्नास वर्षांत खूप दूरवर शोधले. ते थांबते कुठे, हे आता जवळ शोधले पाहिजे. आढ्यावर राहणाऱ्याला दुसरा मार्ग नाही. धारला तो हजार वर्षांपूर्वी कळला होता, मांडूला पाचशे वर्षांपूर्वी आणि देवासच्या खेड्यांना वीस वर्षांपूर्वी. आपल्या नगरपालिकांनी आणि आपल्या वाड्यांनी आपापला दहावा हिस्सा मोजायला घ्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.